कुणी न पेरलेली बाग

पोरांनो, आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. आपल्या गल्लीच्या टोकाला जी मोकळी जागा आहे ना, ती रिकामी कधीच नव्हती. कॉलनीच्या नकाशावर तिला 'ओपन स्पेस' म्हटलंय, तुमची आजी तिला उकिरडा म्हणायची, आणि टेम्पोवाल्यांना ती राडारोडा टाकायची हक्काची जागा वाटायची. फुटक्या फरशा, सिमेंटच्या गोण्या, कुणाचं तरी जुनं बेसिन. त्यावर वेडी बाभूळ आणि तुमच्या छातीएवढं गाजर गवत. पण या सगळ्याच्या खाली माती होती आणि मातीत बी होतं. जुळे सोलापूर वसलं त्याच्या आधी इकडं ज्वारीची रानं होती, मध्येमध्ये मुरमाड माळ होता. रानं गेली, गुरं गेली, घरं आली. बी कुठं जाणार?

"पण आजोबा, बी इतकी वर्षं जगतंय होय?"

बरोबर विचारलंस. हाच प्रश्न अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शेतकरी एका प्राध्यापकाला विचारायचे. किती वर्षं खुरपलं म्हणजे तण संपेल हो? त्या प्राध्यापकाचं नाव विल्यम जेम्स बील. त्यानं 1879 साली वीस बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू भरली, वाळूत वीसेक प्रकारच्या रानझाडांचं बी, प्रत्येकाच्या पन्नास बिया, आणि बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. आत पाणी साठू नये म्हणून तोंडं खाली. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि बी पेरून बघायचं. बील वारला, त्याचे शिष्य वारले, शिष्यांचे शिष्य म्हातारे झाले, पण बाटल्या निघतच राहिल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये सोळावी बाटली काढली. तीही अंधारात, कारण बियांना उजेड लागला तर त्या वेळेआधीच जाग्या व्हायच्या. एकशे बेचाळीस वर्षांनी त्यातल्या काही बिया उगवल्या! सगळ्या नव्हे बरं का. बहुतेक जाती कधीच्या मेल्या होत्या, एक पिवळ्या फुलांचं चिवट तण तेवढं टिकलं होतं. अजून चार बाटल्या मातीत आहेत. शेवटची 2100 साली काढायची आहे. धाकटे, ती बातमी तू वाचशील. मला काही जमायचं नाही.

म्हणून कॉलनीच्या बैठकीत लोक म्हणाले की इथं लॉन करू, कडेनं पेव्हर ब्लॉक टाकू, तेव्हा मी म्हटलं, थांबा. एक तर आपल्याकडं उजनीचं पाणी चार-चार दिवसांनी नळाला येतं, ते लॉनला पाजायचं? आणि दुसरं, मातीत काय आहे ते तरी आधी बघू. एकानं फुलांच्या बियांचं चकचकीत पाकीट आणलं होतं. 'वाइल्ड फ्लॉवर मिक्स', वर विलायती खसखशीचं चित्र. मी ते परत पाठवलं. ती फुलं चांगलीच असतात, पण ती दुसऱ्या मुलखातली रानफुलं. सोलापूरच्या एप्रिलातलं त्रेचाळीस अंशांचं ऊन त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

पहिलं काम सफाईचं. राडारोडा उचलला, प्लास्टिक वेचलं, वेडी बाभूळ मुळासकट काढली. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या अमदानीत, 1877 च्या सुमारास, दुष्काळी मुलखात सरपण होईल म्हणून तिला हिंदुस्थानात आणलं. सरपण झालं खरं, पण तिच्या सावलीत दुसरं काही धड वाढत नाही. मग गाजर गवत. ते पहिल्यांदा ठळकपणे नजरेत भरलं पुण्यात, 1955-56 च्या सुमारास. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं अशी गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच्या आधीच्याही नोंदी सापडल्या आहेत, तेव्हा सगळा दोष गव्हाच्या माथी मारू नका. ते उपटायचं ते फुलायच्या आधी, ओल्या मातीतून, हातात मोजे घालून. नाहीतर अंगाला खाज आणि नाकाला शिंका. आणि उपटलेल्या जागी टाकळ्याचं बी फेकायचं. टाकळा दाट उगवतो, गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. शेतकी खात्यातली माणसंही हाच उपाय सांगतात. विष फवारण्यापेक्षा हे बरं.

आणि मग? मग काही नाही. वाट बघायची. बागकामातला सगळ्यांत अवघड भाग हाच आहे, मोठ्या माणसांना तो जमत नाही.

मृगाचा पाऊस झाला आणि आठवड्याभरात जमिनीवर हिरवी साय धरली. सगळ्यांत आधी ओळखू आला केना. आजी त्याची भजी करते तोच. सकाळी निळं फूल उमलतं, दोन मोठ्या पाकळ्यांचं, आणि दुपारी मिटून ओघळून जातं. एवढ्या थोड्या वेळात एखादी माशी आली तर ठीक, नाही आली तर फुकट. मग केन्याचा वंश चालतो कसा?

एक रोप हलक्या हातानं उपटून बघा. मुळांजवळ मातीत पांढरट, जाडसर फुटवे दिसतील, आणि त्यांवर बारीक बोंडं. ती फुलं आहेत! जमिनीच्या आत फुललेली. फुललेली तरी कसं म्हणू, ती उघडतच नाहीत. मिटल्या मिटल्याच आतले पराग आतल्या आत बीजाला पोचतात. ना रंग लागतो, ना वास, ना माशी. वरच्या फुलांना नवी जोडी जमवण्याची संधी असते, म्हणून त्यांची पिल्लं जरा वेगवेगळ्या गुणांची निघतात. खालच्या फुलांची पिल्लं आईसारखीच, पण खात्रीची. शिवाय जमिनीतल्या बिया वरच्यांपेक्षा मोठ्या असतात, जास्त शिदोरी बरोबर घेऊन निघालेल्या. वर गुरानं चरलं, कुणी विळा फिरवला, तरी खालची पेरणी झालेली असते. केना खुरपून संपत नाही म्हणून शेतकरी का कावतो, ते आता कळलं?

आता रुईकडं चला. ही कुणाला लावावी लागत नाही, ती पडीक जागेची मालकीणच. शनिवारी मारुतीला हिच्या पानांची माळ घालतात. पण पान तोडताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, वाईट असतो. त्या चिकात हृदयाचे ठोके बिघडवणारी विषं आहेत. शेळीसुद्धा रुईला सहसा तोंड लावत नाही. असं असूनही त्या पानाच्या खालच्या बाजूला बघा, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची सुरवंट अळी बसली आहे. अंगावर तीन जोड्या काळ्या शेंड्या. ही प्लेन टायगर फुलपाखराची अळी. तिची अक्कल बघा. ती आधी पानाची मधली शीर चावते. चीक तिथून गळून जातो, पुढच्या भागात कमी पोचतो, मग निवांत तो भाग खाते. थोडं विष तरीही पोटात जातंच. पण ते तिला बाधत नाही, ते ती अंगात साठवून ठेवते. अळीचं फुलपाखरू होतं तेव्हा ते विष फुलपाखरातही उतरतं. नारिंगी पंख, टोकाला काळं आणि पांढरे ठिपके, उडणं अगदी सावकाश. घाई कशाला करील? एखादं अडाणी पाखरू एकदा त्याला गिळतं, ओकतं, आणि जन्मभर नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही.

गोष्ट इथं संपली असती तर साधीच होती. पण त्याच जागेत घोळ उगवली आहे, आपण जिची आंबटसर भाजी खातो ती. घोळीत विष नाही. घोळीवर दुसऱ्याच एका फुलपाखराच्या अळ्या वाढतात, डॅनेड एगफ्लाय त्याचं नाव. त्यातला नर काळाभोर, पंखांवर पांढरे गोल डाग, त्या डागांना जांभळी झाक. आणि मादी? मादी हुबेहूब प्लेन टायगर! तेच नारिंगी पंख, तेच काळं टोक, तसंच संथ उडणं. अंगात विषाचा थेंब नाही, पण पाखरं तिलाही सोडून देतात. नराला मात्र हे सोंग मिळालेलं नाही. मादीला अंडी घालायला सावकाश पानं धुंडाळत फिरावं लागतं, म्हणून तिला संरक्षण जास्त लागतं असा शास्त्रज्ञांचा तर्क. मला विचाराल तर सोंगाचा धंदा चालतो तो खरे विषारी जास्त आणि सोंगाडे कमी आहेत तोवरच. पाखरांना चारदोन बिनविषारी चवदार घास मिळाले, की नारिंगी रंगाची भीती गेलीच. म्हणजे घोळीवरच्या फुलपाखराचा जीव अडकलाय रुईत. कुणी स्वच्छतेच्या नावाखाली रुई तोडली, तर घोळ कितीही माजली तरी त्या मादीचं सोंग उघडं पडणार.

सोलापूरला खरा पाऊस श्रावणात नसतो, हे तुम्ही बघितलंच असेल. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवरच रिते होतात. कासच्या पठारावर आपल्या तिप्पट-चौपट पडतो. आपल्याकडं वर्षाला जेमतेम साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसाचा. म्हणून आपल्या रानफुलांचा हंगाम भाद्रपद-आश्विनात. कास बघून आलेली माणसं मला विचारतात, तुमच्याकडं तसे गालिचे का नाहीत? अहो, इथल्या फुलांना गालिचा घालायला पाणी नाही. त्यांनी निराळीच कामं शिकून घेतली आहेत.

तरवडाचं बघा. सोन्यासारखं पिवळं फूल, पण त्यात मध नाही. थेंबभरही नाही. देण्यासारखा फक्त पराग, आणि तोही बंद नळ्यांत, टोकाला बारीक भोक. साधी मधमाशी येते, पायानं खरवडते, कंटाळून जाते. मग येतो काळा भुंगा. तो नळी धरतो, पंख जागेवर ठेवतो आणि फक्त छातीचे स्नायू थरथरवतो. कान देऊन ऐका, उडतानाची घूं-घूं आणि फुलावरची ची-ची वेगळी येते, फुलावरची जरा चढ्या सुरातली. त्या थरथरीनं भोकातून पराग पिचकारीसारखा उडतो. आणि फुलाचा हिशेब केवढा चोख! मधल्या आखूड नळ्यांतला पराग भुंग्याच्या खाण्यासाठी. बाजूच्या लांब नळ्यांतला मात्र त्याच्या अंगावर अशा ठिकाणी उडतो की त्याला तो सहज झाडता येत नाही. तोच दुसऱ्या फुलाला जाऊन लागतो. या कुळातल्या बऱ्याच फुलांत आणखी एक गंमत असते. मधला काटा काहींत डावीकडं वळलेला, काहींत उजवीकडं. डाव्या फुलाचा पराग भुंग्याच्या एका कुशीला लागतो, तो उजव्या फुलाच्या काट्याला बरोबर पोचतो.

तरवड फुलतो तेव्हाच कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे राहतात. आणि मग शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतल्या बायका टोपल्या घेऊन येतात. भाद्रपद अमावास्येपासून अष्टमीपर्यंत त्यांचा बतकम्माचा सण. फुलांचा मनोरा रचायचा, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, शेवटी तो पाण्यात सोडायचा. त्या मनोऱ्यात तरवड आणि कुर्डू हवाच. तेलुगूत त्यांना तंगेडू आणि गुनुगू म्हणतात. तंगेडू तर तेलंगणाचं राज्यफूल आहे. विणकामासाठी पिढ्यांमागं सोलापुरात आलेल्या या माणसांना आपली फुलं इथल्या माळावर आयती भेटली. आता माळ कमी झाले, तर ती कुर्डू बाजारातून जुडीनं विकत घेतात. आपल्या जागेतून न्यायला माझी ना नाही. निम्मी तोडा, निम्मी बी धरायला ठेवा, एवढंच सांगतो. आपल्या घरातही त्याच दिवसांत हादगा असतोच की.

एका कोपऱ्यात पाखरांच्या दाण्यातून ज्वारीची पाच-सहा ताटं उगवली होती. त्यांच्या पायाशी कधीतरी एखादं नाजूक फूल दिसलं तर मला हाक मारा. तो टारफुला. त्याची गोष्ट भुताच्या गोष्टीसारखी आहे. टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं, त्यात शिदोरी म्हणून काही नाही. ते दहा-दहा वर्षंही मातीत गप्प पडून राहतं. जवळून ज्वारीचं मूळ गेलं तरच जागं होतं, आणि लगेच त्या मुळाला चिकटून रस ओढायला लागतं. त्याला कळतं कसं? ज्वारीच मुळांतून एक रसायन सोडते. इतकी वर्षं शास्त्रज्ञांना कोडं पडलेलं की झाड आपल्याच वैऱ्याला बोलावतं कशाला? 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी ते सोडवलं. हाक वैऱ्याला नव्हतीच. मातीत एक उपयोगी बुरशी असते, ती मुळांना स्फुरद आणून देते. भुकेजलेली ज्वारी त्या बुरशीला हाक मारत असते, आणि टारफुला ती हाक चोरून ऐकतो. म्हणून हलक्या, उपाशी जमिनीतच टारफुला जास्त माजतो. शेतकऱ्याच्या पोटावर मारणारं फूल आहे ते, शेतात दिसलं तर उपटा. इथं एखादं राहू द्या, बघायला.

दिवाळीनंतर सगळं वाळलं तसे शेजारचे काका आले. "आता हे गवत कशाला ठेवायलाव? साप निघतील." बोलणं अगदीच खोटं नव्हतं. पण साप येतो उंदरामागं आणि उंदीर येतो कचऱ्यामागं. कचरा होता तेव्हा साप जास्त होते. तरी आपण पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीचं गवत कापून ठेवलं, रात्री बॅटरीशिवाय जायचं नाही असं ठरवलं. बाकीचं गवत बी झडेपर्यंत तसंच ठेवलं. नंतर एकदाच कापून गवळ्याला दिलं. वर्षातून एकदा कापलं नाही तर जुन्या गवताच्या गादीखाली नव्या रोपाला ऊन मिळत नाही.

बी झडेपर्यंत का थांबलो ते तुमच्या सॉक्सना विचारा. हे कुसळ. एक तळहातावर घे आणि वर पाण्याचा थेंब टाक. फिरायला लागलं? कुसळाच्या शेपटाला पीळ असतो. आतल्या एका बाजूच्या पेशी ओलीनं जास्त फुगतात, दुसऱ्या बाजूच्या कमी, म्हणून ओल लागली की पीळ उलगडतो आणि वाळलं की परत बसतो. रात्री दव, दिवसा ऊन. शेपूट गवताच्या काडीला अडकलं की खालचं टोकदार बी सुताराच्या गिरमिटासारखं भुईत शिरतं. टोकावरचे केस मागं वळलेले, त्यामुळं आत गेलेलं बाहेर येत नाही. यात कुठलाही जिवंत स्नायू नाही, बरं का. शेपूट मेलेलं असतं, तरी पेरणी करतं. वरची कडक पापडी फोडून काळ्या मातीत शिरायचं तर असंच काहीतरी हवं.

असल्या कुसळाच्या माळाला सरकारी कागद फार दिवस पडीकच म्हणत आले. आपल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत नान्नजचा माळ आहे. 1979 साली तिथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. कागदावर त्याची हद्द आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, त्यात गावंच्या गावं आली, म्हणून पुढं ती बाराशेवर आणली. झाडं लावली की जमीन सुधारते या समजुतीनं अशा माळांवरही लागवडी झाल्या. माळढोकाला मात्र झाडी नको असते, त्याला लांबवर नजर पोचेल असं उघडं गवत लागतं. आता नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. मला झाडं आवडतात. पण जिथं गवत शहाणं आहे तिथं झाड लावणं हा अडाणीपणाच. हे मी कॉलनीच्या बैठकीतही बोललो, दोन जणांनी तोंडं फिरवली.

आपल्या गावाला डोळे असलेली माणसं मिळाली आहेत. अरण्यऋषी म्हणतात ते मारुती चितमपल्ली इथलेच, 1932 साली सोलापुरात जन्मले. 2006 चं मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, तेव्हा अध्यक्ष तेच होते. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये इथंच गेले. आणि आपलं वालचंद कॉलेज माहीत आहे ना? तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या लोकांना या जिल्ह्यात एक कांदा धरणारी रानवनस्पती सापडली, नागदवण्याच्या जातकुळीतली. जगातल्या कुठल्याच पुस्तकात तिची नोंद नव्हती. 2014 साली तिचं बारसं झालं, क्रायनम सोलापुरेन्से. सोलापूरची चादर, सोलापूरची शेंगाचटणी, तसं आता सोलापूरचं फूल. जुन्या झाडांनी भरलेल्या कोकणात नव्हे, आपल्या या उघड्याबोडक्या मुलखात!

"मग आपल्या जागेत पण नवं काही सापडेल?"

सापडेल की नाही ते मोजल्याशिवाय कसं सांगू? डार्विनआजोबांनी एकदा तळ्याकाठचा चिखल आणला. तीनच चमचे, कपात मावेल एवढा. तो आपल्या अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवलेलं प्रत्येक रोप उपटून मोजलं. सहा महिन्यांत 537 रोपं! उद्या आपण आपल्या जागेतली माती आणू. एक कप रुईखालची, एक कप तरवडाखालची, आणि एक कप अजून कुणी साफ न केलेल्या त्या मागच्या कोपऱ्यातली. आजीचे चांगले कप घेऊ नका, चहाच्या टपरीवरचे कागदी कप आणा, खाली भोक पाडा, वर तारीख लिहा. पाणी रोज थोडं, अंघोळीचं उरलेलं चालेल, साबण नसला तर. उगवलेलं रोप पहिल्यांदा वहीत काढायचं आणि मगच उपटायचं. थोरल्यानं मोजायचं, धाकटीनं चित्र काढायचं. नाव माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा, वालचंदमध्ये जाऊन विचारू.